गीझर नको, राइजर द्या

ऑक्टोबर हीटमधली पहाट. घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही टॉवरच्या डक्टमध्ये हात बाहेर काढून पाहावा. एकावर एक टांगलेली आउटडोअर युनिट आणि प्रत्येकातून येणारा गरम झोत. दीड टनाचा एसी पूर्ण भाराने चालतो तेव्हा खोलीतली सुमारे ५.२ किलोवॅट उष्णता उचलतो, त्यात स्वतः खाल्लेली दीडेक किलोवॅट वीज मिसळतो आणि साडेसहाच्या वर किलोवॅट बाहेर टाकतो. रात्री आठ तास अर्ध्या भाराने चालला तरी पंचवीसेक युनिट (युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास) उष्णता डक्टमध्ये गेली. त्याच डक्टला लागून बाथरूमची खिडकी असते. सहा वाजता आत गीझरचा लाल दिवा लागतो आणि दोन किलोवॅटचे एलिमेंट पाणी तापवू लागते. चार माणसांच्या आंघोळीला लागणारी उष्णता किती? बादलीने केली तर दीड युनिट, शॉवरने साडेतीन. भिंतीच्या एका बाजूला पंचवीस फेकायचे आणि दुसऱ्या बाजूला साडेतीन विकत घ्यायचे, हा आपल्या इमारतींचा रोजचा व्यवहार आहे.

यावरचा उपाय म्हणजे हवेतली उष्णता उचलून पाणी तापवणारा हीट पंप, आणि ते पाणी घरोघर नेणारा उभा पाइप, म्हणजे राइजर. युरोपात हीट पंपावर चाललेला वाद घर गरम ठेवणाऱ्या गॅस बॉयलरचा आहे. तो इथे जसाच्या तसा आणण्यात अर्थ नाही. ठाण्यात आणि नवी मुंबईत घर गरम करण्याची गरजच पडत नाही. कपाटातला स्वेटर महाबळेश्वरपुरता. आपल्याकडे तापवायचे असते ते पाणी. आणि हीट पंप आपल्याला नवाही नाही. एसी, फ्रिज, दुकानातला शीतपेयांचा कूलर, सगळे हीट पंपच: एका जागची उष्णता उचलून दुसरीकडे नेणारे. हे चक्र उष्णता देण्यासाठीही वापरता येईल हे केल्विनने १८५२ मध्येच मांडले होते. आपण त्यातली थंड बाजू तेवढी घरात घेतली आणि गरम बाजू छज्ज्यावर टांगली.

हिशेब अगदी साधा आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला १.१६ वॅट-तास लागतात. गीझर तेवढी उष्णता विजेतून तयार करतो, एका युनिटाला एक युनिट. हीट पंप ती हवेतून गोळा करतो आणि वीज फक्त कंप्रेसर-पंख्याला लागते, म्हणून एका युनिट विजेत तीन ते चार युनिट उष्णता मिळते. या गुणोत्तराला सीओपी म्हणतात. तो यंत्रावर छापलेला असला तरी यंत्राचा कायमचा गुण नाही. हवा किती गरम आणि पाणी किती तापवायचे यावर तो ठरतो. पाणी ४५ अंशांपर्यंत तापवले तर साडेचारच्या आसपास, ५५ ला साडेतीन, ६५ ला तीनच्या खाली. म्हणून "आमचे यंत्र ७० अंश देते" हे विक्रेत्याचे वाक्य ऐकून खूश होऊ नये. आंघोळीला ४२ पुरतात.

कोकणपट्टीची हवा या यंत्राला मानवते. उणे पाच अंशांच्या थंडीत बाहेरच्या कॉइलवर बर्फ धरतो आणि तो वितळवण्यात वीज जाते. इथे तो प्रश्नच नाही. उलट, आपल्या दमट हवेतली वाफ थंड कॉइलवर पाणी होऊन साचते आणि साचताना आपली सुप्त उष्णता देऊन जाते. जुलैत ठाण्यात चादर तीन दिवस वाळत नाही, त्याच जुलैत हीट पंप जोरात असतो. शिवाय त्यातून बाहेर येणारी हवा गार आणि कोरडी. ती ड्राय बाल्कनीत सोडली तर दोरीवरचे कपडेही लवकर वाळतात. सोलर वॉटर हीटर नेमका याच चार महिन्यांत ढगांकडे बघत बसतो.

एवढे गुण सांगितल्यावर एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी: एकट्या फ्लॅटवाल्याने हे यंत्र घेऊ नये. २०० लिटरचे घरगुती यंत्र लाखाच्या आसपास पडते. उंची माणसापेक्षा जास्त, भरल्यावर वजन ३०० किलो, आवाज फ्रिजपेक्षा बराच मोठा. सहाशे फुटांच्या वन बीएचकेत ते ठेवणार कुठे? शॉवर घेणाऱ्या चौघांच्या घरात दिवसाला पावणेतीन युनिट वाचतात. युनिट १० रुपयांचा धरला तर महिन्याला ८०० रुपये. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचे पाणीच चटका देते, तेव्हा गीझर बंदच असतो. वर्षाचे आठ महिने धरले तर सव्वासहा-साडेसहा हजार, म्हणजे खर्च वसूल व्हायला पंधरा वर्षे. बादलीने आंघोळ करणाऱ्या घरात बचत याच्या निम्म्याहूनही कमी. अशा घराने १० लिटरचा चांगल्या इन्सुलेशनचा गीझर घ्यावा आणि तो आंघोळीआधी वीस मिनिटे लावावा.

हे यंत्र इमारतीचे आहे, लिफ्टसारखे. प्रत्येक फ्लॅटची वेगळी लिफ्ट कोणी मागत नाही.

अठ्ठावीस मजले, मजल्यावर चार घरे, एकूण ११२ फ्लॅट असा टॉवर धरू. कोलशेत, माजिवडा, खारघर, कुठलाही. घरटी ५५ अंशांचे १०० लिटर गरम पाणी दिले तर ते नळाच्या पाण्यात मिसळून चौघांच्या शॉवरला पुरते. २७ अंशांचे ११,२०० लिटर पाणी ५५ वर नेण्यासाठी रोज साधारण ३६५ युनिट उष्णता लागते. पाइपमधून होणारी उष्णतेची गळती ८५ युनिट धरली तर ४५०. साडेतीनच्या सीओपीने वीज लागली १३० युनिट. तेच काम ११२ घरांतले गीझर, टाकीतले पाणी निवण्यात जाणाऱ्या उष्णतेसकट, ४०० युनिटांत करतात. फरक रोज २७० युनिटांचा, हंगामाचे २४० दिवस धरले तर वर्षाला ६५ हजार युनिट, म्हणजे साडेसहा लाख रुपये. कोटेशन या आकड्याशी ताडून पाहावे. यंत्रे १८ ते २० किलोवॅट उष्णतेची दोन घ्यावीत, एक मोठे नको. एक बंद पडले तर दुसरे निम्मे पाणी तरी देते. साठवणीला प्रत्येकी ४,००० लिटरच्या दोन टाक्या. भरल्यावर एकेक टाकी साडेचार टनांची होते, त्यामुळे ती बीमवर बसली पाहिजे. आधीच बांधून झालेल्या इमारतीच्या गच्चीवर ठेवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही घ्यावी, प्लंबरचा अंदाज नव्हे.

आता त्या ८५ युनिटांच्या गळतीबद्दल, कारण बहुतेक केंद्रीय गरम पाण्याच्या योजना इथेच मरतात. वरच्या टाकीपासून पहिल्या मजल्यापर्यंत जाणारा राइजर, परतीची लाइन आणि गच्चीवरचे पाइप मिळून सहज ५०० मीटर होतात. ५५ अंशांच्या पाण्याचा उघडा पाइप मीटरमागे २५ ते ३० वॅट हवेत सोडतो. ५०० मीटर, चोवीस तास: ३०० युनिटांच्या वर. म्हणजे आंघोळीला जेवढी उष्णता लागते जवळजवळ तेवढीच भिंती तापवण्यात जाते आणि सगळ्या बचतीचे पाणी होते. त्याच पाइपवर २५ मिलिमीटर जाडीचे नायट्राइल रबर चढवले की गळती मीटरमागे ६-७ वॅटवर येते. डक्टमध्ये पाइप आधी बसतो आणि इन्सुलेशन नंतर. क्लॅम्प भिंतीला चिकटून मारला असेल तर मागून रबर जातच नाही. म्हणून क्लॅम्प भिंतीपासून दोन इंच सोडून आणि रबराच्या वरून. गच्चीवरच्या भागाला रबरावर ॲल्युमिनियमचे आवरण हवेच, नाहीतर दोन उन्हाळ्यांत रबराचा भुगा होतो आणि कावळे तो उचलून नेतात. पाणी फिरते ठेवणारा पंप चोवीस तास कशाला? पहाटे साडेपाच ते साडेनऊ आणि संध्याकाळी सात ते नऊ एवढा पुरे. टायमर दोनेक हजारांचा असतो.

राइजरपासून शॉवरपर्यंतचा पाइपही मोजावा. २० मिलिमीटर बोअरच्या पाइपात मीटरला तिसरा हिस्सा लिटर पाणी थांबलेले असते. बाथरूम दहा मीटरवर असेल तर तीन लिटर थंड पाणी वाहून गेल्यावर गरम येते, आणि रहिवासी म्हणतात, "तुमचे सेंट्रल पाणी गरमच नसते." सभेत योजना हाणून पाडायला एवढे वाक्य पुरते. राइजर बाथरूमच्याच शाफ्टमध्ये असला तर हा प्रश्न उद्भवत नाही.

दाबाचे गणित चुकले तर आणखी विचित्र तक्रारी येतात. अठ्ठावीस मजल्यांची उंची ८४ मीटर धरली तर तळाला सव्वाआठ बारच्या आसपास दाब पडतो. घरातल्या नळांना तीन-साडेतीन बरे. त्यामुळे आठ-नऊ मजल्यांचा एकेक झोन पाडून दाब कमी करणारे व्हॉल्व्ह बसवतात. थंड लाइनला ते बसवले आणि गरम लाइनला विसरले, किंवा दोन्हींचे सेटिंग वेगळे ठेवले, की एखाद्या घरात मिक्सर उघडा ठेवून पुढचा नळ बंद केल्यावर जास्त दाबाचे पाणी कमी दाबाच्या लाइनीत घुसते. पाचव्या मजल्यावरच्या चुकीने सातव्या मजल्याला कोमट पाणी येते आणि दोष मात्र गच्चीवरच्या यंत्राला लागतो. प्रत्येक फ्लॅटच्या गरम पाण्याच्या जोडणीवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटे जाऊ न देणारी झडप) हा यावरचा स्वस्त उपाय.

जागेची निवड हाही थट्टेचा विषय नाही. लिफ्टची मशीन रूम उन्हाळ्यात भट्टी असते; यंत्र तिथली हवा खेचेल आणि गार हवा तिथेच सोडेल अशी डक्ट केली तर दोन कामे होतात. एसटीपीची (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेची) खोली मात्र टाळावी. जागा मोकळी दिसते, उबदारही असते, पण तिथल्या हायड्रोजन सल्फाइडने तांब्याची कॉइल काळी पडून सच्छिद्र होते. वाशी, कोपरखैरणे किंवा कळव्याच्या बाजूला खाडी-नाल्याजवळ एसीचा गॅस वारंवार का उडतो, याचे एक कारण हेच. कॉइलवर गंजरोधक लेप मागून घ्यावा आणि तो निविदेत लिहावा. कॉइलवरची पातळ पत्री, म्हणजे फिन, निळी दिसली म्हणजे लेप चांगला असे नसते. वरच्या मजल्यावरच्या बेडरूमच्या डोक्यावर यंत्र नको, आणि खाली रबरी पॅड हवेत, नाहीतर तक्रारीचे पहिले पत्र तिथूनच येते.

सगळ्यात लबाड बिघाड डोळ्यांना दिसत नाही. टाकीत पर्यायी इलेक्ट्रिक एलिमेंट असते. कंप्रेसरचा गॅस कमी झाला किंवा सेन्सर बिघडला की ते निमूट चालू होते. पाणी गरमच येते, तक्रार कोणाची नाही, आणि बिल मात्र गीझरच्या पातळीला. म्हणून यंत्राला वेगळा वीजमीटर आणि गरम पाण्याला वेगळा वॉटरमीटर पहिल्या दिवसापासून हवा. एक हजार लिटर पाण्याला गळतीसह बारा युनिटांच्या आसपास वीज लागायला हवी. महिन्याचा आकडा वीसकडे सरकला की मेकॅनिकला बोलवावे, रहिवाशांच्या तक्रारीची वाट पाहू नये. याच आकड्यावरून फ्लॅटच्या मीटरप्रमाणे दरही ठरतो: विजेचे १२० रुपये, वर देखभालीचे थोडे. समान वाटणी केली तर दोन माणसांचे घर पाच माणसांच्या घराचे पाणी तापवते आणि पुढच्या सर्वसाधारण सभेत ते निघतेच.

टँकरचे किंवा बोअरचे पाणी येत असेल तर क्षारांचा थर धरतो. घोडबंदर पट्ट्यात उन्हाळ्यात टँकर नवे नाहीत. प्लेट हीट एक्स्चेंजर (यंत्रातली उष्णता पाण्याला देणारा पत्र्यांचा संच) वर्षातून एकदा आम्लाने धुवावा लागेल. त्यासाठी दोन्ही बाजूंना व्हॉल्व्ह आणि धुण्याच्या जोडण्या ठेवलेल्या हव्यात. आणि आठवड्यातून एकदा टाकी ६० अंशांपर्यंत तासभर न्यावी, कारण ४०-४५ अंशांच्या साठवलेल्या पाण्यात न्यूमोनिया करणारा लेजिओनेला जंतू सुखाने वाढतो.

एसीची फेकलेली उष्णताच का वापरू नये, असा प्रश्न सुरुवातीच्या चित्रावरून कोणी विचारेल. घरांच्या बाबतीत अडचण ऋतूंची: डिसेंबर-जानेवारीत गरम पाणी सर्वांत जास्त लागते आणि तेव्हा एसी बंद असतात. म्हणून टॉवरसाठी हवेतून उष्णता घेणारा पंपच बरा. पण जिथे बारा महिने थंडावा लागतो तिथे दोन्ही बाजू एकाच यंत्राने वापरता येतात. रुग्णालयात शस्त्रक्रियागृह कायम गार आणि लाँड्रीला, आंघोळीला, स्वयंपाकघराला गरम पाणी कायम. पाण्यातून पाण्यात उष्णता नेणारा पंप एका युनिट विजेत दोन युनिट थंडावा आणि तीन युनिट गरमी देतो. दोन्ही कामाची, म्हणजे एकाला पाच. हॉटेलांनाही हेच लागू. इथे खर्च वसुलीची चर्चा लांबवायचे कारण नाही. अशा इमारतीत आजही डिझेलचा किंवा गॅसचा हॉट वॉटर जनरेटर एका कोपऱ्यात आणि कूलिंग टॉवर दुसऱ्या कोपऱ्यात दिसला, तर सल्लागाराला जाब विचारावा.

ऐरोली, रबाळे, महापे भागातल्या डेटा सेंटरांत आत गेलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी कोमट उष्णता होऊन बाहेर पडते. त्याच टीटीसी (ट्रान्स-ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यातल्या शेजारच्या कारखान्यांत बॉयलरचे पाणी आधी तापवावे लागते. मध्ये रस्ता ओलांडणारा पाइप आणि दोन मालकांमधला करार एवढेच हवे. हे बोलणे सोपे आणि करणे अवघड, हे मान्य. पण नवी मुंबई महापालिकेने सांडपाणी शुद्ध करून ते उद्योगांना देण्याची व्यवस्था उभी केली आहे. पाणी वाहून नेता येते, तर कोमट पाणीही नेता येते.

आता नियमांकडे. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत सौर गरम पाणी किंवा छतावरची सौर वीज यांची तरतूद आहे. हेतू चांगला, पण टॉवरची गच्ची मोजून पाहा. दिवसाला १०० लिटरसाठी दोन चौरस मीटर सौर पॅनेल लागते. ११,२०० लिटरला २२४ चौरस मीटर, सावली टाळण्याचे अंतर धरले तर चारशेच्या आसपास. गच्चीवर पाण्याच्या टाक्या, फायर टँक, मशीन रूम बसल्यावर एवढी जागा उरत नाही. मग वरच्या काही मजल्यांपुरते पॅनेल बसते, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) मिळते, आणि पाच वर्षांनी फुटलेल्या काचेच्या नळ्यांमध्ये कबुतरे घरटे करतात. त्याऐवजी दहा चौरस मीटरमध्ये बसणारे एक किलोवॅटचे सौर वीज पॅनेल दिवसाला चारेक युनिट देते, हीट पंपातून त्याची चौदा युनिट उष्णता होते, आणि मे महिन्यात गरम पाणी नको असते तेव्हा तीच वीज लिफ्टला कामी येते. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठीही किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान ठेवले गेले. सामायिक मीटरला घरगुती स्लॅब लागत असतील तर हे पॅनेल जवळजवळ सक्तीचेच समजा, कारण महिन्याला चार हजार युनिट म्हणजे थेट सर्वांत वरचा स्लॅब, आणि मग आपण धरलेला १० रुपयांचा दर कागदावरच राहतो. सोसायटीने एकत्र येऊन वीज वाचवावी आणि दर मात्र चढा भरावा, ही विसंगती वीज नियामक आयोगापुढे न्यायला हवी.

केंद्राच्या २०१७ च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत हॉटेल-रुग्णालयांच्या सौर गरम पाण्याच्या अटीतून उष्णता परत वापरणाऱ्या यंत्रणांना सूट दिली होती. तोच धागा पकडून ठाणे आणि नवी मुंबईच्या महापालिकांनी निवासी टॉवरसाठी केंद्रीय हीट पंप हा मान्य पर्याय करावा. मात्र ओसीच्या वेळी यंत्राचा फोटो पाहू नये, वर्षभराने दोन मीटरांचे आकडे मागावेत. महावितरणलाही यात रस असायला हवा. त्या ११२ घरांतले ४० गीझर सकाळी सातला एकदम लागले तर ८० किलोवॅट; हीट पंपाची दोन यंत्रे मिळून अकरा किलोवॅटच्या आसपास, आणि तीही दुपारी, हवा गरम आणि ऊन असताना चालवता येतात. टाकी म्हणजे साठवलेली वीजच, फक्त बॅटरीपेक्षा कितीतरी स्वस्त.

"पाइप गॅस आहेच की," हा आक्षेप हमखास येतो. कार्बनच्या हिशेबात फरक वाटतो तेवढा मोठा नाही, हे आधी कबूल करू. आपल्या विजेमागे युनिटला ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड आहे. साडेतीनने भागले तर ०.२, आणि गॅसचा गीझर ०.२४ च्या घरात. वहनातली गळती धरली तर जवळपास बरोबरी. पण बंद खिडकीच्या बाथरूममध्ये गॅस गीझरने कार्बन मोनॉक्साइड साचून माणसे मेली आहेत. गारव्याच्या भीतीने झरोक्याला पुठ्ठा लावायची आपली सवय पाहता, एवढे एकच कारण पुरे.

नौपाडा-पाचपाखाडीपासून वाशीच्या जुन्या सेक्टरपर्यंत सगळीकडे पुनर्विकासाचे करार होत आहेत. सुविधांच्या यादीत मॉड्युलर किचन, व्हिडिओ डोअर फोन आणि "प्रत्येक बाथरूममध्ये नामांकित कंपनीचा गीझर" असते. त्या गीझरऐवजी तीन ओळी घालून घ्याव्यात: बाथरूमच्या शाफ्टमध्ये इन्सुलेशनसह गरम पाण्याचा राइजर आणि परतीची लाइन, प्रत्येक फ्लॅटला गरम पाण्याचा मीटर आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, गच्चीच्या स्लॅबवर दोन टाक्यांचा भार धरून केलेले डिझाइन. यंत्र नंतरही बसवता येते. शाफ्ट नऊ इंचांनी रुंद करायचा असेल तर तो नकाशा मंजुरीला जाण्याआधीच, कारण पहिला स्लॅब पडल्यावर प्लंबर फक्त बाहेरच्या भिंतीवरून पाइप नेण्याचा सल्ला देऊ शकतो.